जमिनीवरचा वैमानिक

पहिलं विमान मी सातव्या मिनिटाला पाडलं.

पुण्याबाहेर एका गावच्या गायरानाला लागून मोठं माळरान आहे. रविवारी सकाळी, वारा उठायच्या आत, तिथे पाच-सात जण आपापली विमानं गाडीच्या डिकीतून काढून जुळवत बसलेले असतात. त्यांतल्या सगळ्यांत ज्येष्ठ माणसाला, एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या इंजिनीअरला, सगळे नुसतं 'काका' म्हणतात. मी चाळिशी ओलांडल्यावर या नादाला लागलो. विमान फोमचं, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा मीटर, पुढे बॅटरीवर चालणारी मोटर. काकांनी पहिला तासभर मला रेडिओच्या स्टिकला हात लावू दिला नाही. नुसते नियम सांगितले, तेही कारणांशिवाय. आधी रेडिओ चालू करायचा, मग विमानाची बॅटरी जोडायची; बंद करताना बरोबर उलटं. बॅटरी जोडली की पंख्यासमोर हात न्यायचा नाही, मोटर थांबलेली असली तरी. तीस पावलं लांब जाऊन रेंज तपासायची. उडवणारे सगळे एका रेषेत उभे राहणार, विमान कायम त्या रेषेच्या पुढे, बघे कायम मागे. विमान कुणाच्या डोक्यावरून न्यायचं नाही, स्वतःच्याही नाही. आणि उंची एवढी ठेवायची, की एक चूक झाली, ती सुधारताना दुसरी झाली, घाबरून तिसरी झाली, तरी विमान अजून हवेतच असलं पाहिजे.

मी मान डोलावली. विमान वर गेलं. लांब जाणारं विमान उडवणं सोपं असतं, कारण त्याचं उजवं ते आपलं उजवं. मग ते वळलं आणि माझ्याकडे तोंड करून येऊ लागलं. माझ्या उजव्या हाताचा पंख खाली झुकलेला दिसला, म्हणून तो उचलायला मी स्टिक डावीकडे दाबली. पण समोरून येणाऱ्या विमानाचं डावं-उजवं आपल्या उलट असतं. पंख आणखी झुकला. मी आणखी दाबली. काका ओरडले, "स्टिक सोड! अरे, हात काढ!" मी हात काढला नाही. बुडणारा माणूस हाताला लागलेली फांदी सोडत नाही, तशी मी ती दोन इंचांची दांडी धरून ठेवली.

तुकडे गोळा करून पिशवीत भरताना काका एवढंच म्हणाले, "ते आपलं आपण सरळ झालं असतं. तू होऊ दिलं नाहीस."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आपण ज्याला उडवणं म्हणतो तेच विमान पाडत होतं, आणि हात काढून घेणं हा त्यावरचा उपाय होता? पुढचे काही महिने मी या छंदाचा इतिहास मिळेल तिथून वाचत गेलो. तेव्हा कळलं, की काकांचं वाक्य जवळपास दीडशे वर्षं जुनं आहे.

१८ ऑगस्ट १८७१. पॅरिसच्या त्विलेरी बागेत अल्फाँस पेनो नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने काही जाणकारांसमोर एक वस्तू हवेत सोडली. वजन सुमारे सोळा ग्रॅम, मागे पंखा, आणि पंखा फिरवायला पिळलेलं रबर. ती अकरा सेकंद उडाली. अकरा सेकंद म्हणजे काहीच नाही, पण ती अकरा सेकंद सरळ उडाली, आणि वर कुणी नसताना. पेनोने शेपटीचा छोटा पंख मुख्य पंखाच्या मानाने किंचित उतरता बसवला होता आणि पंखांची टोकं वर वळवली होती. नाक खाली गेलं की शेपटी ते वर आणायची. एक बाजू झुकली की पंखांचा आकार ती सावरायचा. विमानाला स्वतःचा तोल स्वतः सांभाळायला शिकवणारा हा पहिला यशस्वी माणूस. कंबरेच्या आजारामुळे त्याला स्वतःला कुबड्यांशिवाय चालता येत नसे. पुढे मोठ्या विमानाचा आराखडा त्याने केला, पेटंट घेतलं, पण पैसा उभा राहिला नाही. १८८० मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

आज कुठल्याही दुकानात 'शिकाऊ' म्हणून मिळणारं रेडिओवरचं विमान घ्या. पंख वरच्या बाजूला बसवलेले, टोकांकडे किंचित उचललेले, शेपटी पेनोच्याच हिशोबाने लावलेली. पुरेशी उंची असेल आणि तुम्ही स्टिक सोडून दिलीत, तर ते डुलत डुलत पुन्हा सरळ होतं. नवशिक्याच्या हातात आपण देतो ते मूळचं पेनोचं विमान असतं, त्याच्या पोटात रेडिओ घातलेला.

पेनोचं एक खेळणं अमेरिकेतही पोचलं. १८७८ मध्ये मिल्टन राइट नावाच्या धर्मोपदेशकाने आपल्या दोन धाकट्या मुलांसाठी पेनोच्या पद्धतीचं, रबरावर उडणारं हेलिकॉप्टर आणलं. मुलांनी ते मोडेपर्यंत उडवलं आणि मग स्वतः बनवलं. पण हीच मुलं मोठी झाल्यावर पेनोच्या नेमक्या उलट्या वाटेने गेली. ऑरव्हिल आणि विल्बर यांचं १९०३ चं विमान मुळातच अस्थिर होतं. वैमानिकाने क्षणोक्षणी सावरलं नाही तर ते कोसळणार. सायकली बनवणाऱ्या माणसांना यात काही गैर वाटलं नसावं. सायकलही कुठे आपली आपण उभी राहते? त्यांचं म्हणणं, तोल यंत्राने नाही, माणसाने सांभाळायचा. याउलट स्मिथसोनियनचे प्रमुख सॅम्युएल लँगली यांनी ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर वाफेवरचं बिनमाणसाचं विमान सोडलं, ते जवळपास एक किलोमीटर गेलं, वाफ संपल्यावर पाण्यावर अलगद उतरलं आणि त्याच दिवशी पुन्हा उडालं. पण तेच तंत्र मोठं करून माणूस बसवला तेव्हा ते दोनदा थेट नदीत पडलं. यंत्राने सांभाळायचं की माणसाने, हा वाद तेव्हापासूनचा आहे. माळरानावर माझी जी फजिती झाली ती या दोन घराण्यांच्या मधोमध उभं राहिल्यामुळे: विमान पेनोच्या घरचं आणि हात राइटांच्या घरचे.

(इथे मराठी वाचकाला शिवकर बापूजी तळपदे आठवलेच असतील. १८९५ मध्ये चौपाटीवर त्यांचं बिनमाणसाचं विमान पंधराशे फूट वर गेलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिला त्या काळचा विश्वासार्ह पुरावा नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी तिचं नाव जोडलं जातं त्यातली विमानं उडू शकत नाहीत, असं बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं. मला त्या गोष्टीत वेगळंच काही खटकतं. ती सांगणारा प्रत्येक जण विमान किती वर गेलं ते सांगतो आणि मग ते पडलं म्हणतो. ते उतरवायचं कसं ठरलं होतं, हे कुणी विचारत नाही. ज्याने एकदा तरी स्वतः विमान उडवलंय, तो आधी तेच विचारेल.)

उतरवण्याचा प्रश्न हौशी लोकांना जाणवला तो १९३० च्या दशकात. तोवर मॉडेल विमानं रबरावर उडत, काही मिनिटांत खाली येत. मग बिल ब्राउन या तरुणाने मुठीत मावेल असं पेट्रोल इंजिन बनवलं, आणि १९३३ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत मॅक्सवेल बॅसेटने ते लावून बाकी सगळ्यांना मागे टाकलं. आता विमान उंच जाऊ लागलं, पण परत यायची हमी राहिली नाही. दुपारच्या तापलेल्या हवेचा झोत मिळाला की पेनोच्या शहाण्या पंखांचं ते विमान घारीसारखं वर वर जात दिसेनासं व्हायचं. लोक सायकलींवरून, मोटारींतून मैलोगणती पाठलाग करत. शेवटी जळत्या वातीची एक युक्ती निघाली. ठरावीक वेळात वात जळून दोरा तुटायचा, शेपटी वर उचलली जायची आणि विमान पॅराशूटसारखं तरंगत खाली यायचं. ओरेगॉनच्या जिम वॉकरने १९४० च्या सुमारास दुसराच मार्ग लोकप्रिय केला: विमानाला दोन तारा बांधून ते स्वतःभोवती गोल फिरवायचं. तारेवरचं विमान पळून जाऊ शकत नाही. हे तंत्र स्वस्त होतं आणि मैदानही छोटं पुरायचं. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंग केलंय, त्यांच्यातल्या अनेकांनी विमानाची पहिली ओढ अशी तारेतूनच हातात अनुभवली.

तारेऐवजी रेडिओ वापरण्याची कल्पना तोवर जुनी झाली होती. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात बोट चालवून दाखवली, हातात फक्त एक खोका धरून. पण बोट ही क्षमाशील वस्तू आहे. संदेश चुकला तर ती तरंगत राहते. विमान थांबत नाही आणि वाटही बघत नाही. ब्रिटनच्या आर्चिबाल्ड लो यांनी मार्च १९१७ मध्ये उपेव्हनच्या मैदानावर सेनाधिकाऱ्यांसमोर रेडिओवर चालणारं विमान सोडलं. क्षणभर ते ताब्यात होतं, मग आदळलं. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी टायगर मॉथच्या घराण्यातलं 'क्वीन बी' हे बिनवैमानिकाचं विमान तोफखान्याच्या सरावासाठी उडवलं. जमिनीवरचा माणूस टेलिफोनसारखी तबकडी फिरवून त्याला हुकूम द्यायचा. 'ड्रोन' म्हणजे नर मधमाशी. हा शब्द विमानाला चिकटला तो या राणीमाशीवरून, असं सांगतात.

अमेरिकेत हेच काम एका नटाने केलं. रेजिनाल्ड डेनी पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता, मग हॉलिवूडमध्ये विनोदी भूमिका करू लागला, आणि मॉडेल विमानांच्या वेडापायी त्याने हॉलिवूड बुलेव्हार्डवर चक्क हौशी लोकांसाठी दुकान काढलं. त्याच्या डोक्यात आलं, की तोफांना नेम धरायला अशी स्वस्त विमानं मिळाली तर? त्याच्या 'रेडिओप्लेन' कंपनीने युद्धकाळात जवळपास पंधरा हजार विमानं बनवली. १९४५ मध्ये लष्कराचा छायाचित्रकार डेव्हिड कॉनोव्हर या कारखान्यात कामगार मुलींचे फोटो काढायला आला आणि त्याला नॉर्मा जीन नावाची मुलगी दिसली. ती पुढे मेरिलिन मन्रो झाली. ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. मला मात्र त्या विमानांची दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. ती गोफणीसारख्या यंत्राने फेकून उडवत आणि काम संपलं की त्यांतून पॅराशूट उघडत. म्हणजे एवढी हजारो विमानं रेडिओवर उडाली, पण ती रेडिओवर जमिनीवर उतरवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

चढणंसुद्धा सोपं नव्हतं. १९४४ मध्ये अमेरिकनांनी जुनी बॉम्बर विमानं स्फोटकांनी ठासून भरून, रेडिओने चालवत शत्रूच्या तळांवर आदळायची योजना केली. पण रेडिओवर अशा विमानाला धावपट्टीवरून उचलता येईल असा भरवसा कुणाला वाटेना. म्हणून दोन माणसं बसवायची, त्यांनी विमान वर न्यायचं, ताबा रेडिओकडे द्यायचा आणि पॅराशूटने उडी मारायची. १२ ऑगस्टला अशाच एका विमानाचा इंग्लंडच्या सफक परगण्यावर, दोघं उडी मारायच्या आत, हवेतच स्फोट झाला. त्यांतला एक होता जोसेफ केनेडी, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींचा थोरला भाऊ.

सरकारांना पैसा ओतून जे अवघड जात होतं, ते कॅलामाझू या मिशिगनमधल्या गावात दोन जुळे भाऊ स्वतःच्या खर्चाने करत होते. वॉल्टर गुडला विमानं बांधायचा नाद, विल्यम गुडला हौशी रेडिओचा. १९३७ मध्ये त्यांनी आठ फुटी पंखांचं 'बिग गफ' उडवलं. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या राष्ट्रीय स्पर्धेत रेडिओवरच्या विमानांचा गट पहिल्यांदा ठेवला गेला आणि चेस्टर लँझोने तो जिंकला. पुढच्या वर्षांत गुड बंधूंनी या स्पर्धा गाजवल्या. १९६० मध्ये 'बिग गफ' स्मिथसोनियनला दिलं गेलं.

त्या काळचं उडवणं कसं होतं, हे कळल्यावर मला माझ्या फजितीची लाज जरा कमी वाटली. हातात स्टिक नव्हती, एक बटण होतं. विमानाच्या पोटात पिळलेलं रबर, म्हणजे पुन्हा पेनोच, पण या वेळी पंख्यासाठी नाही तर रडर हलवायला. बटण दाबलं की विद्युतचुंबक एक खटका सोडायचा आणि रबर आपल्या पिळाने कडी पाव फेरा फिरवायचं. एकदा दाबून धरलं की रडर उजवीकडे. सोडलं की मध्ये. पुन्हा दाबलं की डावीकडे. म्हणजे मागचं वळण कोणत्या बाजूचं होतं ते लक्षात ठेवायचं. मोजणी चुकली की उजवीकडे वळवताना विमान डावीकडे जायचं. आणि वळलं तर पुरतं वळायचं; थोडंसं असा प्रकार नव्हता. हे सगळं शक्य झालं ते विमान मूळचं मोकाट उडणाऱ्या जातीचं, स्वतःला सांभाळणारं होतं म्हणून. रेडिओ फक्त अधूनमधून सुचवायचा. त्या पिढीला 'स्टिक सोड' हे वेगळं सांगावं लागलं नाही, कारण धरायला काही नव्हतंच.

स्टिक आली ती १९६० च्या दशकात. डग स्प्रेंग आणि डॉन मॅथिस यांच्यासारख्या कॅलिफोर्नियातल्या हौशी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी अशी पद्धत बसवली, की बोट जेवढं हलेल तेवढंच रडर हलेल. संदेश म्हणजे एक विजेचा ठोका. तो दीड मिलिसेकंदाचा असेल तर रडर मध्ये, एक असेल तर एका टोकाला, दोन असेल तर दुसऱ्या. इंजिनीअरिंगची मुलं आज रोबोट बनवताना जी छोटी सर्वो मोटर वापरतात, ती हाच ठोका ओळखते. ही भाषा विमानांच्या छंदातून आली, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. स्टिक आल्यावर माणसाच्या हातात पहिल्यांदाच विमान पूर्णपणे आलं, आणि पाडण्याचं सामर्थ्यही.

मैदानावर गर्दी वाढली तशी नवी आपत्ती आली. दोघांचे रेडिओ एकाच चॅनलवर असतील, तर दुसऱ्याने नुसतं बटण चालू केल्याबरोबर हवेतलं पहिल्याचं विमान पिसाळायचं. अमेरिकेत १९९१ मध्ये ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विमानांसाठी पन्नास चॅनल आखून दिले गेले. त्याआधी अँटेनाला रंगीत फिती बांधत. पण चॅनल आखून माणसं सुधारत नाहीत, म्हणून क्लबांनी एक फळी आणि कपड्यांचे चिमटे आणले. चॅनलचा आकडा लिहिलेला चिमटा तुमच्या अँटेनाला असेल, तरच रेडिओ चालू करायचा. उडवून झालं की चिमटा परत फळीला. काकांकडे असा एक लाकडी चिमटा अजून आहे, त्याच्यावर शाईने ५२ लिहिलेलं. एकदा माळरानावर चहा पिताना ते म्हणाले, "माझं पहिलं बाल्साचं विमान ह्याच्यापायी गेलं. सहा महिने बांधत होतो. एक जण गाडीतून उतरला आणि चिमटा न घेता रेडिओ लावून बघितला. बघितला, बस." त्या माणसाचं नाव त्यांनी सांगितलं नाही, आणि चिमटा खिशात ठेवला.

विमान जाणं वेगळं आणि माणूस जाणं वेगळं. ९ डिसेंबर १९७९ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. मध्यंतरात करमणूक म्हणून मॉडेल विमानांचा खेळ ठेवलेला. त्यात एक विमान गवत कापायच्या यंत्राच्या आकाराचं, सुमारे चाळीस पौंडांचं. लोक हसत होते. ते यंत्र भरकटलं आणि प्रेक्षकांत घुसलं. न्यू हॅम्पशायरहून सामना बघायला आलेला वीस वर्षांचा एक तरुण काही दिवसांनी दवाखान्यात मरण पावला; आणखी एक जण जखमी झाला. यंत्रात किंवा हातात काय बिघडलं, हा पुढचा प्रश्न. जिथे चहूबाजूंनी माणसं बसलेली आहेत अशा वाडग्यात ते उडत होतं, तिथेच गोष्ट बिघडलेली होती. हा प्रसंग वाचल्यावर मी माझ्या फोमच्या विमानाचा हिशोब करून बघितला. एक किलो वजन, ताशी पन्नास किलोमीटर वेग. वेगवान गोलंदाजाच्या ताशी १४० किलोमीटरच्या चेंडूत जेवढी ऊर्जा असते, तिच्या तीन-चतुर्थांशाहून जास्त. शिवाय चेंडूच्या तोंडाशी फिरतं पातं नसतं. काकांची ती रेषा, विमान पुढे आणि बघे मागे, मला त्यानंतर कधी शाळकरी वाटली नाही.

चिमट्यांचा काळ २००५ च्या सुमारास संपायला लागला. २.४ गिगाहर्ट्झवरचे रेडिओ आले. ते आपल्या विमानाशी ओळख बांधतात आणि इतरांकडे लक्ष देत नाहीत. बरेचसे तर सेकंदाला अनेक वेळा वारंवारता बदलत राहतात. वारंवारता बदलत राहायच्या कल्पनेचं एक पेटंट हेडी लमार या नटीच्या नावावर आहे, संगीतकार जॉर्ज अँथेइलसोबत, ऑगस्ट १९४२ चं. पाणतीराला रेडिओने वाट दाखवताना शत्रूने अडथळा आणू नये, म्हणून पियानोच्या पट्ट्यांइतक्या, अठ्ठ्याऐंशी वारंवारता. तिने 'वायफाय शोधलं' वगैरे जे म्हटलं जातं ते अतिरंजित आहे; नौदलाने युद्धात तिचं यंत्र वापरलं नाही आणि कल्पनाही पूर्वी इतरांना सुचलेली होती. पण प्रश्न तिला नेमका दिसला होता: दूरच्या वस्तूशी असलेला आपला दोरा कुणी मध्येच कापला तर काय?

दोरा तुटला तर विमान काय करतं, याचं उत्तर कॅलिफोर्नियाने १९५६ मध्ये पाहिलं. १६ ऑगस्टला नौदलाचं एक जुनं, पूर्ण आकाराचं हेलकॅट विमान, रेडिओवर चालणारं लक्ष्य म्हणून उडवलं होतं, ते हुकूम ऐकेनासं झालं आणि लॉस एंजेलिसच्या दिशेने निघालं. त्याला पाडायला हवाई दलाची दोन जेट विमानं गेली. त्यांनी २०८ रॉकेटं झाडली. एकही लागलं नाही. रॉकेटं पामडेल गावाच्या आसपास पडून रान पेटलं, घरांचं आणि मोटारींचं नुकसान झालं. कुणी दगावलं नाही हे नशीब. हेलकॅट मात्र तेल संपल्यावर आपलं आपण वाळवंटात जाऊन पडलं. ते किती छान, स्थिर उडत होतं बघा! पेनोला अभिमान वाटला असता. विमान स्वतःला सांभाळू शकतं तेव्हा ते सुटलं की दूर जातं, हा त्या गुणाचा दुसरा चेहरा.

म्हणून आजच्या रेडिओत 'फेलसेफ' असतं: संदेश तुटला की मोटर बंद. नवशिक्याने ते पहिल्याच दिवशी तपासायला हवं. विमान घट्ट धरून, मोटर हळू चालू ठेवून, रेडिओ बंद करायचा आणि मोटर थांबते का पाहायचं. आधी रेडिओ, मग बॅटरी, हा नियमही त्याच जातीचा. जुन्या काळी मालकाचा आवाज नसेल तर विमान हवेतला कुठलाही गोंगाट हुकूम समजायचं. आपल्याकडच्या २०२१ च्या ड्रोन नियमांतही छंदाच्या मॉडेल विमानाच्या व्याख्येत दोन गोष्टी घातल्या आहेत: वजन पंचवीस किलोपर्यंत आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. विमान दिसत असतं, तोवरच ते आपल्या हातात असतं.

या दुसऱ्या अटीशी ज्याचं सगळ्यांत विचित्र नातं होतं, त्या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय मला थांबवत नाही. मेनार्ड हिल. गुड बंधूंतला वॉल्टर ज्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत होता, तिथलाच हा अभियंता. १९७० मध्ये त्याने मॉडेल विमान आठ हजार मीटरहून उंच नेलं होतं. म्हातारपणी त्याची दृष्टी जवळजवळ गेली, कानांनीही साथ सोडली. तेव्हा त्याने ठरवलं, की एक मॉडेल विमान अटलांटिक ओलांडेल. बाल्सा लाकूड स्पर्शाने कळतं. त्याने बोटांनी चाचपत विमानं बांधली. इंधनासकट पाच किलोंच्या आत. आधीचे प्रयत्न समुद्रात गेले. ९ ऑगस्ट २००३ ला न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून, सत्त्याहत्तर वर्षांच्या हिलने आणखी एक विमान हाताने वाऱ्यावर सोडलं. सहकाऱ्याने ते रेडिओवर उंचीला नेलं आणि मग ताबा यंत्राला दिला. उपग्रहाकडून जागा ओळखत ते रात्रीतून, समुद्रावरून, कुणाला न दिसता गेलं. अडतीस तास बावन्न मिनिटं. आयर्लंडच्या क्लिफडनजवळ, जिथे १९१९ मध्ये ऑल्कॉक आणि ब्राउन पहिल्यांदा न थांबता अटलांटिक ओलांडून उतरले होते त्या भागात, मॅनिन बीचवर डेव्ह ब्राउन रेडिओ घेऊन उभा होता. विमान ठिपक्यासारखं दिसलं तेव्हा त्याने ताबा घेतला आणि हाताने ते उतरवलं. टाकीत घोट-दोन घोट इंधन उरलं होतं. तीन हजार किलोमीटर यंत्राने सांभाळलं. पहिली आणि शेवटची काही मिनिटं माणसांनी.

माझं विमान दुरुस्त व्हायला दोन आठवडे लागले. गोंद, चिकटपट्टी आणि एक नवा पंखा. तिसऱ्या रविवारी काकांनी पिशवीतून एक केबल काढली आणि माझा रेडिओ त्यांच्या रेडिओला जोडला. त्यांच्याकडे एक स्प्रिंगचं बटण. ते बटण दाबून धरतील तोवर विमान माझं. बोट उचललं की त्यांचं. विमान लांब गेलं, वळलं, माझ्याकडे तोंड करून येऊ लागलं. माझ्या उजवीकडचा पंख झुकला. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की समोरून येताना जो पंख खाली दिसेल त्याच्या खाली स्टिकचा टेकू द्यायचा. डावं-उजवं मनात उलटवत बसायचं नाही. मी उजवीकडे टेकू दिला. पंख उचलला गेला, जरा जास्तच, आणि विमान दुसऱ्या बाजूला कलू लागलं. मी दोन्ही स्टिक सोडल्या. ते डुललं, पुन्हा डुललं आणि सरळ झालं.

"आता उतरव," काका म्हणाले.

"आत्ता? मी?"

"मग कोण? वारा समोरून घे. आणि घाई करू नकोस, बटण माझ्याकडे आहे."

मी वळून त्यांच्या बोटाकडे बघितलं नाही. विमानावरून नजर काढायची नसते.